नेढं

परवा बऱ्याच दिवसांनी रविवार पेठेत गेले होते. काम तसं अगदी किरकोळ. भाचीच्या टी-शर्टची बाही उसवली होती, ती घरच्या मशीनवर शिवायला बसले तर टाकाच पडेना. चार टाके पडायचे, दोन सुटायचे. दोरा बदलला, बॉबिन पुन्हा भरली, ताण कमी-जास्त करून पाहिला. काही उपयोग नाही. सुईच गेली असणार म्हणून पाकीट आणायला गेले.

"एक पाकीट सुया द्या," म्हटलं, तर काउंटरमागचे काका जागचे न हलता विचारतात, "कापड कुठलं?"

"अहो, साधा टी-शर्ट आहे."

"म्हणजे होजिअरी. त्याला साधी सुई कशी चालेल? बॉल पॉइंट न्या."

दहा-पंधरा वर्षं मशीन वापरणाऱ्या मला हे सुचू नये याची जराशी लाजच वाटली. कारण "कापड कुठलं?" हा प्रश्न मी लहानपणी हजार वेळा ऐकलाय. आई शिवणकाम करायची. कुणी बाई कापड घेऊन आली की ते बोटांत चोळून बघायची, मग डब्यातली सुई निवडायची, आणि मगच मशीनवर बसायची. पण असं ती नेहमीच करत नव्हती. कधीपासून करायला लागली ते मला नेमकं माहीत आहे. त्याबद्दल शेवटी सांगते. आधी सुईबद्दल.

सुईच्या भोकाला आपल्याकडे किती छान शब्द आहे, नेढं! सह्याद्रीत भटकणाऱ्यांना तो डोंगरामुळे माहीत असतो. राजगडच्या सुवेळा माचीवरचं नेढं, रतनगडच्या माथ्यावरचं नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक आणि त्यातून येणारा भन्नाट वारा. पण मूळ नेढं सुईचं. आणि शिवणयंत्राचा सगळा इतिहास म्हणजे खरं तर हे नेढं सुईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसं गेलं, त्याचीच गोष्ट आहे.

हातसुईचं नेढं मागच्या बाजूला असतं. टोक कापडात शिरतं, अख्खी सुई पलीकडे जाते आणि दोऱ्याला मागून ओढत नेते. हजारो वर्षं माणूस असंच शिवत आला. यंत्राने शिवायचं म्हटल्यावर लोकांनी साहजिकच हाताची नक्कल करायचा प्रयत्न केला आणि तिथेच घोडं अडलं. यंत्राने सुई सोडायची कशी, पलीकडून पकडायची कशी, पुन्हा उलटी फिरवायची कशी? १७५५ साली लंडनमध्ये वीजेन्थाल नावाच्या जर्मन माणसाने यंत्रासाठी वेगळ्या सुईचं पेटंट घेतलं होतं. १७९० मध्ये थॉमस सेंट या इंग्रजाने चामडं शिवायच्या यंत्राचा आराखडा नोंदवला. त्यात आधी आरीने भोक पाडायचं आणि मग दोरा आत ढकलायचा अशी योजना होती. ते कागद पेटंट कचेरीत इतके विस्मरणात गेले की १८७४ मध्ये कुणाला तरी ते सापडेपर्यंत जगभर शिवणयंत्रं विकलीसुद्धा जात होती!

फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने वेगळी वाट धरली. त्याच्या सुईला नेढं नव्हतंच, टोकाला हूक होता. तो कापडातून खाली जायचा आणि खालचा दोरा फासासारखा वर ओढायचा. आपल्याकडच्या आरी भरतकामाशी याचं अगदी जवळचं नातं आहे. कच्छच्या मोची कारागिरांनी चामड्यावरची आरी कापडावर आणली आणि साखळीटाक्याचं देखणं भरतकाम केलं. हुकाने भरण्याची ही रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात पोचली होती. तिमोनिएने तो हात यंत्राला दिला. १८३० मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि पॅरिसमध्ये सुमारे ८० यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवायला सुरुवात झाली. १८३१ मध्ये शहरातले शिंपी चालून आले आणि त्यांनी यंत्रं मोडून टाकली. त्यांचंही काही चुकलं असं मला म्हणवत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची भाकरी कुणीतरी शिवून टाकत होतं. तिमोनिए १८५७ मध्ये गरिबीतच गेला.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट नावाचा एक अवलिया होता. त्याने १८३२ ते १८३४ च्या सुमारास नेढं सुईच्या टोकाशी आणलं. सुई पूर्ण पलीकडे न्यायचीच नाही. फक्त टोक कापडाखाली न्यायचं, तिथे दोऱ्याचा फास करायचा, त्यातून दुसरा दोरा ओवायचा आणि सुई परत वर! वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. आज आपण मशीनवर मारतो तो टाका हाच. पण हंटने पेटंटच घेतलं नाही. हातशिलाईवर जगणाऱ्या बायकांचं काय होईल, असं मुलीने विचारलं म्हणून त्याने तो नाद सोडला, अशी गोष्ट सांगतात. याच माणसाने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ते ४०० डॉलरना विकून टाकलं. पदराला पिन लावताना मला कधीकधी हंट आठवतो.

मग आला एलायस हो. १० सप्टेंबर १८४६ ला टोकाशी नेढं असलेल्या सुईच्या यंत्राचं अमेरिकन पेटंट त्याला मिळालं. त्याआधी बोस्टनच्या एका कपड्यांच्या कारखान्यात त्याच्या यंत्राने पाच शिवणकाम करणाऱ्या बायकांशी शर्यत लावून जिंकली होती. त्याला स्वप्नात भाले घेतलेले सैनिक दिसले आणि भाल्यांच्या टोकांना भोकं होती, ही दंतकथा तुम्ही कदाचित ऐकली असेल. हो कुटुंबात ती सांगितली जायची म्हणे. स्वप्न पडलं असेलही, पण तेच नेढं हंटला डझनभर वर्षं आधी जागेपणी सुचलं होतं! होची सुई मात्र वाकडी होती, कमानीसारखी, आणि ती आडवी चालायची. कापड पिनांना टांगून ठेवावं लागे. यंत्राची किंमत ३०० डॉलर. कोण घेणार? हो इंग्लंडला गेला, तिथल्या एका कॉर्सेटवाल्याला हक्क विकले, तिथेही बिनसलं. १८४९ मध्ये कफल्लक होऊन परत आला तेव्हा बायको क्षयाने अखेरच्या टप्प्यात होती.

आणि परत येऊन बघतो तर काय, अमेरिकेत बरेच जण त्याच सुईची यंत्रं करत होते. लवकरच त्यांतला सगळ्यांत गाजलेला निघाला आयझॅक सिंगर. १८५१ च्या त्याच्या यंत्रात सुई सरळ झाली, उभी झाली आणि वरखाली चालू लागली. कापड सपाट पाटावर ठेवून, वरून दाबून, हवं तसं वळवून शिवता येऊ लागलं. आपल्या घरातलं काळं पायमशीन याच वंशातलं. मग कोर्टकज्जे. सिंगरच्या बाजूने हंटला शोधून पुढे आणलं, की हे पाहा, मूळ नेढं यांचं! निवाडा असा आला की हंट पहिला खरा, पण त्याने इतकी वर्षं दावाच केला नाही, म्हणून हक्क होचा. १८५६ मध्ये सगळ्यांनी पेटंटं एकत्र केली आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे होला पाच डॉलर मिळू लागले. तो श्रीमंत झाला आणि १८६७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला.

त्याच १८५६ मध्ये सिंगर कंपनीने यंत्रं हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पुढे कित्येक वर्षं सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार सांभाळला. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. तिथे शिवणाचे वर्ग निघाले आणि कितीतरी एकट्या पडलेल्या बायकांच्या हाताला मानाचं काम मिळालं. यंत्रांबद्दल इतकं कडक बोलणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये रामचंद्रन या तरुणाशी बोलताना सिंगरचं यंत्र अपवाद म्हणून सोडलं होतं. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते केलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षातल्या सिंगरचे एका वेळी अनेक संसार चालत आणि मुलं वीसच्या वर. बायकोचे कष्ट हा त्याच्यासाठी काही फार जिव्हाळ्याचा विषय नसावा. पण गांधीजींना यंत्राबद्दल जे म्हणायचं होतं ते खरंच होतं. असो.

आता सुईची दुसरी बाजू. टोकाशी नेढं असलेली सुई करणं हातसुईपेक्षा अवघड काम. हातसुयांसाठी इंग्लंडमधलं रेडिच हे गाव जगप्रसिद्ध होतं. तिथे सुयांना टोक काढणारे कामगार कोरड्या सहाणेवर सुया घासत, कारण पाणी वापरलं तर पोलाद गंजतं. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाऊन हे लोक ऐन तारुण्यात मरत. धूळ ओढून घेणारे पंखे आले तेव्हा कामगारांनीच विरोध केला, कारण धोक्याचं काम म्हणून जी मजुरी जास्त मिळत होती ती कमी होईल! हे वाचलं तेव्हा मी हातातली सुई कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

मशीनच्या सुईला अंगभर खाचा लागतात. नखाने चाचपून पाहा. समोर लांब खाच असते, सुई खाली जाताना दोरा तिच्यात लपून जातो. मागे नेढ्याच्या वर थोडा खोलगट भाग असतो. सुई तळापर्यंत जाऊन जराशी वर सरकते, तेव्हा तिथे दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो आणि शटलचं टोक नेमकं त्या फुग्यात शिरतं. फुगा झाला नाही तर टाका सुटला. सगळं शिवणयंत्र या एका फुग्यावर चालतं. पूर्वी अशी सुई जाड तार खरवडून करावी लागे. १८६६ मध्ये अमेरिकेतल्या टॉरिंग्टन गावी एक कंपनी निघाली, तिने थंड तार चहूबाजूंनी ठोकून बारीक करायची पद्धत रुजवली आणि सुई स्वस्त झाली. जर्मनीतल्या श्मेत्झ आणि ग्रोत्स, जपानची ऑर्गन, ही नावं शिवणाऱ्यांना माहीत असतीलच. ग्रोत्सच्या वारसदार कंपनीचा कारखाना आपल्या चंदीगडमध्येही आहे.

पाकिटावर ९०/१४ असं छापलेलं असतं. त्यातला १४ हा सिंगरचा जुना नंबर आणि ९० म्हणजे सुईच्या अंगाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड. शिफॉन, जॉर्जेट, तलम रेशीम यांना आठ किंवा नऊ नंबर. मलमल, वायल, रुबिया ब्लाउजपीस यांना अकरा. पॉपलिन, टेरिकॉट, चादरी यांना बारा ते चौदा. जीन्सला सोळा. कॅनव्हास, ताडपत्री असं काही असेल तर अठरा किंवा त्याहून जाड. दोरा सुईच्या खाचेत बसला पाहिजे हे दुसरं गणित. बारीक सुईत जाड दोरा घातला की तो घासून पिंजतो. जाड सुई तलम कापडात घातली की शिवण चुणते आणि भोकं दिसतात.

नंबर झाला, मग टोक. विणलेलं कापड दोन प्रकारचं. मागावरचं, म्हणजे उभे-आडवे धागे. त्याला टोकदार सुई. आणि होजिअरी, म्हणजे एकमेकांत अडकवलेले फास, स्वेटरसारखे. टोकदार सुईने त्यातला एखादा फास तोडला की तो उसवत जातो. म्हणून त्याला गोलसर टोकाची सुई, ती धाग्याला बाजूला सारून वाट काढते. शिवाय ताणणारं कापड सुईबरोबरच वर उचललं जातं, फुगा होतच नाही, आणि टाके सुटतात. माझ्या टी-शर्टचं दुखणं हेच होतं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये टेरिलिनचा शोध लागला, नंतर कृत्रिम धाग्याची होजिअरी जगभर पसरली आणि सुईवाल्यांना नवी नवी टोकं काढावी लागली. कारखान्यांत मिनिटाला पाच हजार टाक्यांच्या वेगाने सुई इतकी तापते की कृत्रिम दोरा वितळू शकतो. चामड्याची सुई तर टोकाला चक्क पातं असलेली. ती धाग्यांमधून वाट काढत नाही, कापते. चामड्यात पडलेलं भोक कायमचं, चूक उसवून दुरुस्त होत नाही.

रेशमाचंही जवळजवळ तसंच. तर आता आईची गोष्ट.

१९८० चा उन्हाळा, सांगली. मी अकरा वर्षांची. घरात एक फाटकी छागल पडली होती, प्रवासात पाणी गार ठेवायची कॅनव्हासची पिशवी. तिची मला खांद्याला अडकवायची झोळी करायची होती. आई दुपारी आडवी झाली होती. मशीनला हात लावायला मनाई होतीच. मी हळूच बसले आणि छागलेचा पट्टा चौपदरी करून सुईखाली सरकवला. मशीन कण्हलं, सुई वाकली आणि खालच्या पत्र्यावर टचकन आपटली. मोडली मात्र नाही. वर घेऊन पाहिली तर सरळ दिसत होती. मी सगळं आवरलं, छागल माळ्यावर टाकली आणि गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी आईने मागच्या आळीतल्या काकूंच्या मुलीचा लग्नातला ब्लाउज शिवायला घेतला. साडीतलंच कापड, मोरपिशी रेशीम. सुई अकराचीच होती, मशीनला लावलेली. पहिली शिवण झाली आणि आईने कापड उजेडात धरलं. शिवणीपासून बोट-बोट लांब रेघा उठल्या होत्या, एकेक धागा ओढला गेलेला. तिने उसवलं. रेघा राहिल्या, भोकंही राहिली. ती ओल्या फडक्याने, नखाने, इस्त्रीने रात्रीपर्यंत ते धागे बसवत होती. लग्न सहा दिवसांवर.

आई काकूंकडे स्वतः गेली आणि कापड पुढे ठेवून सांगितलं. मी बरोबर होते. काकू ओरडल्या नाहीत, पण त्यांनी कापडाची घडी घातली ती मला अजून आठवते. फार सावकाश. आईने मशीनच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशातून जवळचा रंग शोधून नवं कापड आणलं आणि शिवून दिलं. रंग जुळला नव्हता. काकूंनी पुढे शिवण दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. त्या वर्षी आईकडचं लग्नसराईचं बरंच काम गेलं.

त्यानंतर आईने एका वहीत तक्ता केला. रेशीम – नऊ – नवी सुई. वायल – अकरा. खण – चौदा. आणि सुयांच्या डब्यात प्रत्येक नंबराला फ्लॅनेलचा वेगळा तुकडा. "कापड कुठलं?" हा प्रश्न तेव्हापासूनचा.

मी सांगितलं नाही. तेव्हा भीतीने, नंतर सवयीने.

रविवार पेठेतून आले त्या संध्याकाळी आईला फोन न करता सरळ तिच्याकडे गेले. ती आता ऐंशीची आहे, नेढं दिसत नाही म्हणून दोरा ओवायला माणूस लागतं. तिची सुई ओवून दिली आणि सांगून टाकलं. छागल, पट्टा, पत्रा, सगळं.

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, पण ती सुई तशीही दोन-अडीच महिने जुनी होती. नवीला पैसे पडतात म्हणून मी बदलली नव्हती. रेशमाला अकरा घालायलाच नको होती. मला वाटलं, चालेल."

"पण टोक मी आपटलं ना?"

"तू आपटलंस. पण बसले मी. बोटाने टोक बघितलं असतं तर कळलं असतं. दोघींतलं कुणाचं, आता कसं सांगणार?"

पंचेचाळीस वर्षं मी ज्या गोष्टीचं एकच कारण धरून बसले होते, तिची किमान तीन कारणं निघाली. जुनी सुई, चुकीचा नंबर आणि मी. ती अकरा नंबरची सुई कधीच फेकली गेली, त्यामुळे निकाल लागणार नाही. नेढं हंटचं की होचं याचा कोर्टाने निकाल दिला, पण तोसुद्धा कुणाला आधी सुचलं याचा नव्हता, कुणी दावा केला याचा होता. मी दावा उशिरा केला. आईने तो अर्धाच मान्य केला.

मला हलकं वाटलं का? थोडंसं. त्या काकू आता नाहीत, त्यांना सांगायचं राहिलंच.

घरी येऊन बॉल पॉइंट सुई बसवली. बोटाने टोक पाहिलं. टी-शर्टची बाही एका दमात झाली, एकही टाका सुटला नाही.